बारा हजारांचा वसूल आणि सूर्यमाळचा रस्ता

१/
जव्हार संस्थानाच्या उगमाची कथा ही मुळात एका हद्दीची कथा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होता. मुकणे घराण्याचा मूळपुरुष त्याच्याकडे गेला आणि बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली. मागणी मान्य झाली. मग त्याने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या लांबच लांब वादीने गडासकट सारा परिसर वेढून टाकला.

२/
हीच युक्ती कार्थेजची राणी डिडो हिच्या नावावरही सांगितली जाते. त्यामुळे ती जव्हारला खरोखर घडली का, या वादात फारसे हशील नाही. कथेतले मर्म निराळे आहे. या मुलखाची हद्द नदीने वा डोंगराने ठरवली नाही. कोणाच्या तरी मोजणीच्या चातुर्याने ती ठरली. पुढेही तेच घडत राहिले, फक्त कातड्याच्या वादीची जागा वसुलाच्या यादीने घेतली.

३/
आज जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की बातम्यांत एक विशेषण ठरलेले असते: ‘दुर्गम’. जणू सह्याद्रीनेच या दोन तालुक्यांना जगापासून तोडले आहे. हे विशेषण अर्धसत्य आहे, आणि उरलेले अर्धे सत्य ते झाकून ठेवते. इथले दुर्गमपण बऱ्याच अंशी दप्तरांत घडवले गेले आहे. त्याचा दोष सरसकट इंग्रजांच्या माथी मारण्याची प्रथा आहे, पण मूळ नोंदी पाहता ती टिकत नाही. रेघा आधीच पडलेल्या होत्या. इंग्रजांनी त्या गोठवल्या.

४/
आधी मुलूख दुर्गम नव्हता याचा पुरावा काय? १६६४ च्या आरंभी शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले तेव्हा ते जव्हारवरून गेले, राजा विक्रमशाहाची व त्यांची भेट शहराजवळच्या शिरपामाळावर झाली, असे जव्हारची परंपरा सांगते. त्र्यंबकच्या घाटमाथ्यावरून गोंदा घाटासारख्या वाटांनी खाली उतरायचे, मोखाडा-जव्हारच्या पठारावरून पुढे डहाणू-उंबरगावच्या किनाऱ्याकडे जायचे, ही वाट जुनी आहे. देश आणि समुद्र यांना जोडणाऱ्या वाटेवर जव्हार वसलेले होते. वाटेवरच्या गावाला दुर्गम म्हणत नाहीत.

५/
१३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशाहाला ‘शाह’ हा किताब दिला. त्या वेळी जव्हारकडे बावीस किल्ले आणि नऊ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख होता, असे गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. नऊ लाखांचा आकडा थोडा हातचा राखूनच घ्यावा. पण अठराव्या शतकाची अखेर होईपर्यंत पेशव्यांनी एकामागून एक करार करून आणि खंडण्या लादून या राजाकडे अवघा पंधरा-वीस हजारांचा मुलूख शिल्लक ठेवला, हे लक्षात घेतले की उतरण किती खोल होती ते कळते.

६/
येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मराठेशाहीत मुलूख काढून घेणे वा देणे याचा अर्थ नकाशावर रेघ मारणे असा नव्हता. मोजमाप रुपयांत होते. अमुक हजारांची गावे याची, तमुक हजारांची त्याची. गावे सलग असलीच पाहिजेत असा कोणाचा आग्रह नसे. वसुली करणारा कारकून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारच, मध्ये तिसऱ्याचे गाव लागले म्हणून त्याचे काही अडत नसे.

७/
याच पद्धतीचे सर्वांत नामांकित अपत्य म्हणजे जव्हारच्या उत्तरेला खेटून असलेली नगर हवेली. १७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे जहाज पकडले. नुकसानभरपाई आणि मैत्री या दोन्ही हेतूंनी १७ डिसेंबर १७७९ रोजी तह झाला आणि दमणच्या सरकारला बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे सोपवली गेली. आकडा भरेना म्हणून १७८५ मध्ये दादरा.

८/
‘आकडा भरेना म्हणून दादरा’ हे वाक्य सावकाश वाचावे. एका प्रदेशाचा आकार कसा ठरला, तर बेरीज बारा हजार होईपर्यंत गावे मोजत गेल्याने. आज नकाशात दिसणारे ते विचित्र वळसे, मध्येच घुसलेली जीभ, बाजूला तुटून पडलेला दादऱ्याचा ठिपका: हे सारे एका बेरजेचे चित्र आहे.

९/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि भोवतालचा सगळा मुलूख कंपनीच्या हाती गेला. मग वसुलाच्या यादीचे एका रात्रीत रूपांतर झाले. पोर्तुगीजांकडची गावे परकीय राज्य ठरली, जव्हारकडची संस्थान ठरली आणि उरलेली खालसा. कालपर्यंत जो हिशेब होता तो आता सार्वभौमत्वाचा प्रश्न बनला. युरोपीय राज्यकल्पनेला सलग आणि ठाम रेघ लागते. तिला इथे सापडली ती एका कारकुनाची टाचणवही.

१०/
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जव्हार संस्थानाचे क्षेत्र ३१० चौरस मैल होते, तेही दोन असमान तुकड्यांत. महाल तीन: करयात हवेली, मलवाडा आणि गंजाड. आज मलवाडा विक्रमगड तालुक्यात आहे आणि गंजाड डहाणूत. यावरून संस्थानाचा पसारा कसा फाटलेला होता याची कल्पना येते. चारही बाजूंनी ठाणे जिल्ह्याचा खालसा मुलूख, उत्तरेला पोर्तुगीज.

११/
आणि मोखाडा? जव्हारपासून पंचवीसेक किलोमीटरवर, त्याच पठारावर, त्याच वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी लोकांचे गाव. पण ते खालसात. त्यामुळे मोखाडा हा शहापूर तालुक्याचा एक पेठा म्हणून जोडला गेला.

१२/
सूर्यमाळचे महत्त्व येथे सुरू होते. मोखाड्याच्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत जायचे तर वाट कोणती? मोखाड्याहून खोडाळा, खोडाळ्याहून सूर्यमाळच्या माळावरून पुढे, मग वैतरणेची खोल दरी उतरून चढायची, विहीगाव, कसारा आणि तिथून शहापूर. पावसाळ्यात सूर्यमाळ ढगांत बुडालेला असतो आणि वैतरणा दोन्ही काठ सोडून वाहते. जवळचे शहर सोडून दरीपलीकडच्या गावाला केंद्र मानण्याचे भौगोलिक कारण सापडत नाही. राजकीय कारण मात्र उघड आहे: जवळचे शहर दुसऱ्याच्या राज्यात होते.

१३/
रेल्वेने ही पाठमोरी रचना आणखी पक्की केली. १८६५ पर्यंत थळ घाटातून जी.आय.पी. रेल्वेची गाडी नाशिककडे जाऊ लागली आणि मोखाडा पेठ्याचे तोंड कसारा स्थानकाकडे वळले. किनाऱ्याने बी.बी.सी.आय. रेल्वे गेली आणि जव्हारचे तोंड डहाणू-पालघरकडे वळले. एकाच पठारावरची दोन गावे एकमेकांकडे पाठ करून बसली. दोन्ही लोहमार्ग जिथून दूर, असा तो मधला पट्टा, आणि बरोबर त्याच पट्ट्याला पुढे ‘दुर्गम’ हे नाव पडले.

१४/
याला एक वाजवी आक्षेप आहे. सह्याद्रीचा उतार, तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, खोल दऱ्या, हे कोणी दप्तरात लिहिलेले नाही; रस्ते इथे कुठल्याही राजवटीत अवघडच झाले असते. खरे आहे. पण थळ घाटात काय सपाटी होती? तिथे लोहमार्गच झाला. अडचण आणि रस्ता यांच्यामध्ये नेहमी एक निर्णय असतो, आणि ज्या मुलखाचे चार मैल एकाचे, पुढचे सहा दुसऱ्याचे, तिथे तो निर्णय घेण्यात कोणालाच रस नसतो. संस्थानाने आपल्या हद्दीपुरते पाहिले. जव्हार शहराला १९१८ मध्येच नगरपालिका मिळाली, राजवाडे उभे राहिले, बाजारपेठ नीटस झाली. पण हद्दीपलीकडे राजाचा हात पोहोचत नव्हता आणि खालसाच्या दृष्टीने हा कोपरा म्हणजे सागाचे जंगल.

१५/
हद्दीचा अनुभव सामान्य माणसाला रस्त्यापेक्षाही कायद्यातून अधिक आला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर निर्बंध आले. नगर हवेलीत हा कायदा नव्हता. ज्या फुलावर वारली घराचे उन्हाळी अन्न, औषध आणि देवाचा नैवेद्य अवलंबून, ते एका ओढ्याच्या अलीकडे संशयास्पद आणि पलीकडे निरुपद्रवी. आजही पालघरच्या बातम्यांत ‘दमण बनावटीची दारू पकडली’ हे वाक्य ठरावीक अंतराने छापून येते. करांचे दर बदलले, सरकारे बदलली. १७७९ च्या बेरजेवर धंदा करणारे अजून आहेतच.

१६/
१९४८ मध्ये जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे यांनी संस्थान विलीन केले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा, नरोली आणि सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते आणि गोदावरी परुळेकरांच्या चळवळीतून उभे राहिलेले वारलीही. पण त्याहून कमी सांगितला जाणारा प्रसंग हेगचा आहे.

१७/
दमण ते नगर हवेली हा भारतीय भूमीतून जाणारा रस्ता भारताने अडवला, म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. वाद नेमका रस्त्याचा होता. आणि मग युरोपातल्या न्यायाधीशांपुढे १७७९ च्या पुण्याच्या तहातल्या मजकुराचा, १७८३ आणि १७८५ च्या सनदांचा कीस पडला. पेशव्यांनी दिले ते राज्य, की नुसता वसूल?

१८/
१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो जहागीर वा सरंजामासारखा महसुली हक्क. सार्वभौमत्व त्यात नव्हते. ते पुढे इंग्रजांनी मूकपणे मान्य केल्यामुळे पोर्तुगीजांना लाभले. खासगी प्रवासी, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या रस्त्याने जाण्याचा हक्क होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता. भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही. म्हणजे पुण्यातल्या कारकुनाला जे उघड होते ते कबूल व्हायला १८१ वर्षे आणि एक आंतरराष्ट्रीय खटला लागला. इंग्रजांनी केवळ रेघा गोठवल्या, हे वर केलेले विधान निकालातही दुसऱ्या शब्दांत आलेले आहे.

१९/
रेघ मात्र पुसली गेली नाही. १९६१ मध्ये दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य फुटल्यावर त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये आली. वापीहून सिल्वासाला जाणारी गाडी आजही गुजरातमधून दादऱ्यात शिरते, दादऱ्यातून पुन्हा गुजरातच्या लवाछ्यात येते आणि मग नगर हवेलीत पोहोचते. नाशिकहून पेठ, कपराडा करत किनाऱ्याकडे जाणारा महामार्ग हवेलीला उत्तरेकडून वळसा घालतो. करसवलतींमुळे सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले आणि जव्हारच्या उत्तरेकडच्या पाड्यांतली मुले कामासाठी तिकडे जाऊ लागली. त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याचे ठिकाण मात्र विरुद्ध दिशेला.

२०/
१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालय जव्हारला असावे ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. पालघरला रेल्वे आहे, हे कारण योग्यच. पण पालघरला रेल्वे का आहे आणि जव्हारला का नाही, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही. मोखाड्याहून पालघर शंभरेक किलोमीटर, नाशिक साठ-पासष्ट. आता त्र्यंबकहून मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित आहे. त्याला नवा म्हणणे गमतीचे वाटते. देशावरून समुद्राकडे जाणारी ती जुनीच वाट आहे; मध्ये दोन-अडीच शतकांचा हिशेब आडवा आला होता एवढेच.

२१/
जव्हारच्या सरकारी रुग्णालयाला जव्हारच्या राजाचेच नाव आहे: पतंगशाह कुटीर रुग्णालय. वावर-वांगणीचे १९९२ चे बालमृत्यू ज्यांनी वाचले आहेत त्यांना या तालुक्यात रस्ता आणि रुग्णालय या दोन शब्दांचे वजन सांगायला नको. अडलेली बाळंतीण मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून डोलीत निघते, डांबरी रस्त्याला लागते, जव्हारला येते, आणि गुंतागुंत वाढली तर तिला नाशिकला पाठवले जाते. रुग्णवाहिका मग आल्या वाटेने उलटी फिरते, मोखाडा मागे टाकते आणि त्र्यंबकच्या घाटाला लागते.