स्प्रिंगचे पाये विका, पण तीन दिवसांच्या बोलीवर

जळगाव आणि धुळ्यात रेडिओ, टेप व रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांचे बरेचसे काम मोबाईलने ओढून नेले, हे कोणी नाकारणार नाही. नात असो, किरअत असो की कव्वाली, सारे आता खिशातल्या यंत्रात मिळते. तरीही जुनी तबकडी संपलेली नाही. अमेरिकेत 2020 साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली. मुंबईच्या चोर बाजारात युसूफ आझाद, अझीझ नाझां यांच्या तबकड्या शोधणारे गिऱ्हाईक आजही येते. असे शौकीन आपल्याकडेही आहेत आणि त्यांचे प्लेअर दुरुस्तीला येतात.

गिऱ्हाईक बहुधा दोन तक्रारी आणते. कोणी चालले की सुई उडते, आणि आवाज वाढवला की घुमतो. कारागीर यंत्र उघडतो, पण पुष्कळदा दोष यंत्रात नसून ते ज्यावर ठेवले आहे त्या टेबलात किंवा जमिनीत असतो. त्यावर साधा इलाज म्हणजे यंत्राखाली चार स्प्रिंगा. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत एडगर विलचर यांच्या एआर कंपनीने 1961 साली काढलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये तबकडीची चकती आणि सुईचा दांडा दोन्ही स्प्रिंगांवर तोललेले होते. आज परदेशी बनावटीचे असे पाये हजारो रुपयांना विकले जातात. ते आपले कारागीर थोडक्या खर्चात करू शकतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र त्यामागचा हिशेब समजून घ्यावा. स्प्रिंग वजनाखाली किती दबते, यावर सगळे अवलंबून आहे. 1 मिलिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सुमारे 16 वेळा हलते. 9 मिलिमीटर दबणारी सुमारे 5 वेळा. स्प्रिंग जितकी सावकाश हलेल, तितके तिच्यापेक्षा वेगवान हादरे ती अडवते. 5 वेळा हलणारी स्प्रिंग सेकंदाला 20 कंपनांचा हादरा हिशेबाने पंधराव्या हिश्श्यावर आणते. पण 7 कंपनांच्या खालचा हादरा ती अडवत नाही, आणि 5 च्या आसपासचा तर उलट वाढवते.

म्हणूनच ही वस्तू सर्वांना विकण्याची नव्हे. जुन्या घराच्या लाकडी माडीवर किंवा हलक्या टेबलावर मोठा स्पीकर असेल, तर त्याचा हादरा फळ्यांत उतरत नाही आणि घुमणे कमी होते. जवळच्या स्पीकरचा हादरा प्लेअरपर्यंत जात असेल, तर प्लेअरखालीही फायदा होतो. पक्क्या स्लॅबवर ठेवलेल्या स्पीकरला फारसा फरक पडत नाही. ॲम्प्लिफायर किंवा ब्ल्यूटूथच्या डब्याखाली स्प्रिंग लावणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा वाया घालवणे होय.

धुळ्याच्या बंधूंनी आणखी एक ध्यानात ठेवावे. साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन ठोके. शेजारी माग चालत असेल तर हा संथ हादरा स्प्रिंग अडवणार नाही. प्लेअर अधिकच डोलेल. माडीवरच्या पावलांचेही तसेच. अशा घरी मागापासून लांबच्या जाड भिंतीत घट्ट ठोकलेली फळी हाच खरा उपाय. तो सांगितला तर आपला पाया विकला जाणार नाही, पण गिऱ्हाईक जन्मभर आपले राहील.

बनवण्याची रीत सोपी आहे. यंत्राचे वजन करावे आणि चाराने भागावे. 8 किलोच्या पेटीला प्रत्येक स्प्रिंगवर 2 किलो भार येतो. दुकानातले 2 किलोचे वजन स्प्रिंगवर ठेवून पट्टीने मोजावे. ती 8 ते 10 मिलिमीटर दबली पाहिजे, वेटोळे एकमेकांना टेकता कामा नयेत. मोटारसायकलच्या शॉकॲबची स्प्रिंग इथे चालत नाही, ती एवढ्या वजनाने दबतच नाही. भंगारातून घेतल्यास चारही सारख्या दबतात का ते पाहावे. प्लेअरची एक बाजू जड असते, तिथे थोडी कडक स्प्रिंग लागते. वर-खाली पीव्हीसी पाईपच्या टोप्या बसवाव्यात; जळगावात त्या सहज मिळतात. स्प्रिंगच्या पोटात फोमचा तुकडा भरला की डोलणे लवकर थांबते. उंच, अरुंद स्पीकर स्प्रिंगवर ठेवू नये. मुलाचा धक्का लागून तो पडेल. स्प्रिंगची पारख सोफा-गादीवाल्या मन्सूरी कारागिरांना आहे, टोप्या कापणे लेथवाल्याचे काम आणि यंत्राची नाडी दुरुस्तीवाल्याला ठाऊक. तिघांनी मिळून केल्यास तिघांच्याही घरी चार पैसे जातील.

आता विक्रीविषयी. आवाज हा कानाचा मामला आहे. ऐकणाऱ्याला भुलवणे सोपे असते, आणि परदेशातही या धंद्यात जादूच्या गोष्टी सांगून माल खपवला जातो. आपण त्या वाटेने जाऊ नये. हनफी फिक्हमध्ये खियार-ए-शर्तची सोय आहे: सौदा करताना तशी बोली केली, तर तीन दिवसांच्या आत माल परत करण्याचा हक्क राहतो. आमची सूचना अशी की, स्प्रिंगचे पाये याच बोलीवर विकावेत. घरी न्या, लावा, काढा, पुन्हा लावा. फरक ऐकू आला नाही तर पैसे परत. स्प्रिंग वापरून झिजत नाही, म्हणून परत आलेला माल वायाही जात नाही.

दोन-चार जोड परत येतील, येऊ द्यावेत. ते कोणत्या घरातून आणि का परत आले हे वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या गिऱ्हाइकाला काय विकू नये हे कळेल. दुरुस्तीच्या दुकानांची गेलेली गर्दी चार स्प्रिंगांनी परत येणार नाही. पण खरे सांगणारा कारागीर म्हणून नाव झाले, तर पुढचे काम, इन्शाअल्लाह, आपोआप दुकानात येईल.