चढाओढ मोटारींची, कोंडी ग्राहकाची

जुलै २०२४ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी भरलेल्या ‘युरोबाइक’ प्रदर्शनाच्या वेळी एका अनपेक्षित पाहुण्याने सायकल-उद्योगातील प्रस्थापितांची झोप उडविली. ड्रोन बनविण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डीजेआय या चिनी कंपनीने डोंगरवाटांवर हाकावयाच्या विजेच्या सायकलींसाठी ‘अविनॉक्स’ नावाची मोटार पुढे आणली. वजन सुमारे अडीच किलो आणि टॉर्क, म्हणजे पेडलच्या आसाला पीळ देणारे बल, १०५ न्यूटन-मीटर. या बाजारातील मातबर कंपनी बॉश हिच्या मोटारीचा आकडा तोवर ८५ होता. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, बॉशने आपल्या नव्या मोटारीचा आकडा १०० वर नेला. त्यासाठी मोटारीतील एकही दाता बदलावा लागला नाही. बदलले ते केवळ सॉफ्टवेअर. जे बळ मोटारीत होतेच, ते प्रतिस्पर्धी दाराशी आल्यावर मोकळे झाले, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

स्पर्धेने ग्राहकाचे भले होते, या सिद्धांताचे हे उदाहरण म्हणून पुढे केले जाईल आणि ते काही अंशी खरेही आहे. पायाला विजेची जोड देणारी सायकल यामाहाने १९९३ मध्ये जपानच्या बाजारात आणली. नाशिकच्या कारखान्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेली बॉश २०१० मध्ये या क्षेत्रात उतरली. सायकलींचे गिअर व ब्रेक बनविणारी शिमानो, चीनची बाफांग, जर्मनीची ब्रोझे अशा अनेक कंपन्यांनी पुढे यात भाग घेतला. मोटारी हलक्या झाल्या, त्यांचा आवाज कमी झाला, बॅटऱ्या मोठ्या झाल्या. पूर्वी ज्या चढावर धडधाकट तरुणाची दमछाक होई, तेथे आज साठीतला गृहस्थ सहज जातो. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या स्पर्धेचे स्वरूप बारकाईने पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ही स्पर्धा विक्रीच्या क्षणापर्यंतच असते. सायकल घरी आली की ग्राहकापुरती ती संपते आणि मक्तेदारी सुरू होते. या प्रकारच्या सायकलीत मोटार पेडलच्या आसापाशी बसते आणि सांगाडाच तिच्या मापाने घडविलेला असतो. एका कंपनीच्या मोटारीसाठी पाडलेली बोल्टांची भोके दुसरीच्या मोटारीला जुळत नाहीत. बॅटरीचा आकार निराळा, चार्जरची पिन निराळी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटार, बॅटरी आणि पडदा यांच्यात चालणारा संदेशांचा व्यवहार निराळा. ओळखीची खूण पटल्याखेरीज मोटार परक्या बॅटरीची वीज घेतच नाही. बॉशने २०२१ मध्ये आणलेली नवी प्रणाली तर बॉशच्याच आधीच्या प्रणालीशी जुळत नाही. नवी बॅटरी जुन्या सायकलीस चालत नाही. हजारो युरो मोजून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य अशा रीतीने निर्मात्याच्या पुढील बेतांवर अवलंबून राहते.

हे सारे तांत्रिक अपरिहार्यतेतून घडते, असे मानण्याचे कारण नाही. शिमानोने २०२० मध्ये आणलेली ‘ईपी-८’ ही मोटार आधीच्या मोटारीच्याच भोकांवर बसेल अशी बनविली आणि पुढे अन्य उत्पादकांच्या काही बॅटऱ्यांनाही मान्यता दिली. बाफांगच्या काही मोटारी तर साध्या सायकलीच्या पेडलचा आस ज्या नळीत फिरतो त्या नळीतच बसविता येतात. इच्छा असली की माप जुळते, एवढे यावरून सिद्ध होते.

साध्या सायकलीचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, तोही जागतिक सायकल दिनी, बंद पडला. त्या दिवशी देशातील एकही ॲटलस सायकल निकामी झाली नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी कॉटर पिन, चेन, छर्रे, ब्रेकची रबरे मिळत होती आणि आजही मिळतात, कारण ती कोणा एका कंपनीची नव्हती. पिढ्यान् पिढ्या रूढ झालेल्या मापांनी कारखान्याचे मरण आणि वस्तूचे मरण यांची फारकत करून ठेवली होती.

याच्या नेमके उलट दृश्य जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसले. शहरी वापराच्या विजेच्या सायकली बनविणारी व्हॅनमूफ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्या सायकलीचे बहुतेक भाग खास तिचेच होते आणि सायकलीचे कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली कंपनीच्या संगणकाकडून येत होती. तो संगणक बंद पडला तर आपलीच सायकल आपल्याला परकी होईल, या भीतीने ग्राहक हवालदिल झाले. त्यांना किल्ली जपून ठेवण्याची सोय करून दिली ती काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने. पुढे व्हॅनमूफला नवा मालक मिळाला. पण मालकी हक्क म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या प्रसंगाने उभा केला तो केलाच. डोंगरी सायकलींच्या क्षेत्रातही माघारी नव्या नाहीत. कॉन्टिनेंटलसारख्या बलाढ्य कंपनीने २०१९ मध्ये या मोटारींतून अंग काढून घेतले आणि ब्रोझेचा हा व्यवसाय यामाहाने विकत घेण्याचा करार २०२५ मध्ये केला.

निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मात्र नव्हे. लिथियम बॅटरी हा विस्तवाशी खेळ आहे. न्यूयॉर्क शहरात अशा बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत २०२३ या एका वर्षात १८ जणांचे बळी गेले. बेभरवशाच्या बॅटऱ्या आणि न जुळणारे चार्जर यांचा त्यातील वाटा मोठा मानला जातो. शिवाय युरोपात मोटारीची अखंड शक्ती २५० वॅट आणि विजेच्या साह्याची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. ती ओलांडली की सायकल सायकल राहत नाही, तिला परवाना आणि विमा लागतो. प्रणाली मोकळी केली की हे बांध फुटतील, अशी भीती व्यक्त होते. परंतु या युक्तिवादाचा खरा निष्कर्ष बंदिस्तपणा हा नसून प्रमाणीकरण हा आहे. जोडणीचे नियम जाहीर असले आणि त्यांची कसोटी स्वतंत्र संस्थेने घेतली, तर सुरक्षितता व निवड या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

मात्र नियम कोण करतो, यालाही महत्त्व आहे. जर्मन सायकल-उद्योगाच्या संघटनेने २०२५ मध्ये मोटारीच्या कमाल शक्तीवर ७५० वॅटची मर्यादा सुचविली. बॉशची सुधारित मोटार नेमकी ७५० वॅटची आहे आणि डीजेआयची जोराच्या क्षणी १००० वॅटपर्यंत जाते. यात संगनमत शोधण्याची गरज नाही. सायकलीचा कायदेशीर दर्जा टिकविण्याचा हेतू प्रामाणिक असू शकतो. पण प्रस्थापितांच्या सोयीचा नियम लोकहिताच्या नावाने येऊ शकतो, एवढी सावधगिरी शासनसंस्थांनी बाळगलीच पाहिजे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्यात अशा वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला बदलता आली पाहिजे, असे बंधन घातले असून १८ फेब्रुवारी २०२७ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली आहे. बदलीच्या बॅटऱ्या, शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान पाच वर्षे मिळाल्या पाहिजेत, हेही त्यात आहे. पाऊल स्तुत्य आहे, पण अपुरे आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मोटारीस चाललीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. मोबाइल फोनसाठी डिसेंबर २०२४ पासून एकच पिन सक्तीची झाली. सायकल त्या नियमाबाहेर राहिली.

भारतात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर हीच सीमारेषा नोंदणीमुक्त वाहनांसाठी आहे आणि विजेच्या सायकलींचा बाजार अजून आकार घेत आहे. हलक्या वाहनांच्या चार्जिंगसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये देशी बनावटीच्या जोडणीला मान्यता दिली. ती एथर या कंपनीने विकसित केलेली असूनही इतरांस खुली आहे. हीच दृष्टी सायकलीच्या बॅटरीला आणि मोटारीच्या बैठकीलाही लावता येईल, आणि ती आताच लावली पाहिजे. लाखो सायकली रस्त्यावर आल्यानंतर मापे जुळविणे दुरापास्त होते. मोटारीच्या पोटात काय असावे, हे कंपन्यांनी खुशाल ठरवावे आणि त्यावर हवी तेवढी चढाओढ करावी. सांध्यांची मापे मात्र समाजाने ठरवावयाची असतात. जी स्पर्धा ग्राहकाला एकदाच निवड करू देते आणि नंतर आयुष्यभर बांधून ठेवते, तिला स्पर्धा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.