नाकारलेले निवृत्तिवेतन आणि सैनिकाचा हक्क

वसईच्या किल्ल्यावर भगवा फडकला तो 1739 च्या मे महिन्यात. चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेचे स्मरण आपण अभिमानाने करतो. पण त्याच वसई-विरारच्या वसाहतींत सातारा, कोल्हापूर, कोकण येथून येऊन स्थिरावलेली माजी सैनिकांची कुटुंबेही राहतात. त्यांपैकी ज्यांना आजारपणामुळे सेना सोडावी लागली, त्यांच्या हाती अनेकदा नकाराचे पत्र पडते. वाक्य ठरलेले: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतन देय नाही.

भरतीच्या दिवशी सेनेच्याच वैद्यांनी ज्याला धडधाकट ठरविले, त्याच्या देहात हा आजार आधीपासून दडला होता, असा शोध पुढे लागतो तरी कसा?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात निकाली काढला. 1985 मध्ये भरती झालेल्या या सैनिकाला अपस्मारामुळे 1994 मध्ये घरी पाठविण्यात आले. अपंगत्व 20 टक्के ठरले, निवृत्तिवेतन मात्र नाकारले गेले. न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल तर तो सेवाकाळातच उद्भवला असे मानावे. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही, संशयाचा फायदा त्यालाच मिळावा आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे लेखी द्यावीत.

इतके झाल्यावर वाद थांबायला हवा होता. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये असे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धची सरकारी अपिले मागे घ्यावीत, असे तिने सुचविले. पर्रीकरांची दृष्टी स्वच्छ होती. मंत्रालयाच्या फायलींना मात्र ती मानवली नसावी. कारण जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळल्या त्या सैनिकांच्या याचिका नव्हत्या. सैनिकांच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध सरकारने केलेल्या सुमारे 300 याचिका होत्या! शासन आपल्या विचारांचे आहे म्हणून याबाबत मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. खोटे दावे असतील तर ते अवश्य उघडे पाडावेत. पण मूठभरांच्या लबाडीचा भुर्दंड साऱ्यांनी का सोसावा?

नकाराचे पत्र म्हणजे अखेरचा शब्द, असे समजून अनेक कुटुंबे गप्प बसतात. तसे नाही. सहा महिन्यांत पहिले अपील, तेथेही नकार आल्यास दुसरे, आणि त्यानंतर 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे. विरारहून लोकलने गाठता येण्याजोगे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा सैनिक त्या तारखेपूर्वी निवृत्त झाला की नंतर, हे आधी पाहावे.

आपल्या शाखांतील वकील, डॉक्टर आणि निवृत्त कारकून स्वयंसेवकांनी येथे पुढे यावे. भरतीवेळची वैद्यकीय नोंद, सेवेतील रुग्णालयांचे कागद, मंडळाचा अहवाल आणि नकाराचे मूळ पत्र एवढे एकत्र करून त्यांचा तारीखवार गोषवारा लिहून देणे हे एका रविवारचे काम आहे. अहवालात कारणांचा रकाना कोरा असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.