आधी धडा, मग माप

दोस्तांनो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, ‘धडा करणं’ म्हणजे काय? शाळेतला धडा नव्हे, बरं का! पूर्वी सुटं तेल आणायला घरूनच बरणी न्यायचे. दुकानदार ती रिकामी बरणी तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात वजनं, खडे, जे हाताशी असेल ते टाकून काटा मधोमध आणायचा. हा झाला धडा. मग बरणीत तेल पडायचं. म्हणजे पैसे तेलाचे द्यायचे, बरणीचे नाहीत.

आज आपल्याला हेच करायचंय, पण रेडिओच्या लहरींच्या तराजूवर.

मागच्या अंकात आपण २४ गेजची इनॅमलची तार पेन्सिलीवर गुंडाळून ५ वेढ्यांची कॉईल केली होती. वेढे जरा सुटे ठेवून लांबी ५ मिलिमीटर. सूत्रात आकडे घातले तर तिचं इंडक्टन्स साधारण ०.१७ मायक्रोहेन्री येतं. तिच्या जोडीला १५ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, की ही जोडी १०० मेगाहर्ट्झच्या आसपास झंकारते. आपल्याकडचा एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे बरोब्बर मधोमध!

आता ती खरंच ०.१७ आहे का, हे मोजायचं कसं? साध्या मल्टिमीटरला ती नुसती तार वाटते. त्याला हवा व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर. नाव भारदस्त आहे आणि एके काळी यंत्रही तसंच होतं. १९८४ मध्ये आलेलं हेवलेट-पॅकार्डचं ८५१० हे यंत्र टेबलावर मावणंही कठीण होतं आणि त्याची किंमत सामान्य माणसाने विचारूच नये अशी. आज मात्र नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र मिळतं. जपानमधल्या एका हौशी अभियंत्याने त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि २०१९ पासून ते जगभरच्या हौशी मंडळींच्या हातात पोचलं. तरी काही हजार रुपये पडतातच. त्यामुळे प्रत्येकाने घ्यायची गरज नाही, शाळेच्या विज्ञान मंडळात एक असलं तरी पुष्कळ.

हे यंत्र करतं काय? एक दोरी घ्या. तिचं टोक खिडकीच्या गजाला पक्कं बांधा आणि हातातल्या टोकाला वर झटका द्या. लाट गजापर्यंत जाते आणि उलटी होऊन परत येते. आता तीच दोरी गच्चीवरून खाली मोकळी सोडा आणि झटका द्या. खालच्या मोकळ्या टोकावरून लाट परत येते, पण सुलटी! आपलं यंत्र तारेत अशाच विजेच्या लाटा सोडतं आणि परत काय आलं ते बघतं. तारेची दोन टोकं एकमेकांना जोडली, म्हणजे शॉर्ट केली, तर सगळी लाट उलटी परत. मोकळी ठेवली, म्हणजे ओपन, तर सगळी सुलटी परत. आणि टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावला तर लाट गडप! काहीच परत येत नाही.

मधल्या किमतींचं गणित तुम्हाला सहज जमेल. रेझिस्टरमधून ५० वजा करा, रेझिस्टरमध्ये ५० मिळवा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. १०० ओहम असेल तर ५० भागिले १५०, म्हणजे एक तृतीयांश लाट परत. २५ ओहम असेल तर उणे २५ भागिले ७५, म्हणजे एक तृतीयांशच, पण उलटी. एवढ्या एका भागाकारावर अख्खं यंत्र उभं आहे.

मग कॉईल लावायची आणि आकडा वाचायचा, संपलं की! तुम्ही म्हणाल, यात अडचण कसली? अडचण आहे ती जोडण्यात. यंत्राला असतं स्क्रूचं बारीकसं तोंड, एसएमए नावाचं. आपल्या कॉईलला असतात दोन पाय. मग बहुतेक जण काय करतात? त्या तोंडाला दोन वायरी जोडतात, टोकांना मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा लावतात आणि कॉईल पकडतात. चार-चार सेंटिमीटरच्या दोनच वायरी, त्याने असं काय बिघडणार?

पुष्कळ बिघडतं. प्रत्येक सरळ तार ही स्वतःसुद्धा एक छोटी कॉईलच असते. ढोबळ हिशेब असा, की १ मिलिमीटर तारेमागे १ नॅनोहेन्री. आपल्या दोन वायरींचे झाले ८० मिलिमीटर, म्हणजे ८० नॅनोहेन्री, म्हणजेच ०.०८ मायक्रोहेन्री. यंत्र सांगणार ०.२५! आता तुम्ही ०.२५ घेऊन हिशेब केलात तर उत्तर येतं ८२ मेगाहर्ट्झ. ‘अरेच्चा, एफएमच्या पट्ट्याबाहेर गेलं!’ म्हणून तुम्ही कात्री घेणार आणि यंत्र ०.१७ दाखवेपर्यंत वेढे कमी करणार. पण त्या ०.१७ मधले ०.०८ वायरींचेच असतात. कॉईल उरते फक्त ०.०९ ची. ती रेडिओत बसवली की जोडी झंकारणार १३७ मेगाहर्ट्झवर. रेडिओ मुका! चांगली कॉईल हकनाक कापली गेली, आणि तीही मोजमाप करून.

बरणीचं वजन तेलात धरलं, दुसरं काय!

म्हणून आपण एक जिग बनवू. कारखान्यात वस्तू ठरलेल्या जागी पकडून ठेवणाऱ्या साच्याला जिग म्हणतात, तीच ही. सामान असं: कॉपर क्लॅड बोर्डचा ३ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटर तुकडा, बोर्डाच्या कडेला बसणारं एक एसएमए कनेक्टर, गोल भोकांच्या आयसी सॉकेट पट्टीचे दोन घर, आणि १०० ओहमचे १ टक्का अचूकतेचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर. त्यांच्यावर तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी असे पाच पट्टे असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं मिळतं.

बोर्डाच्या कडेजवळ, कनेक्टरचा मधला पाय जिथे येणार तिथे, तांब्याचं एक छोटं बेट करायचं. ३ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर लांब. त्याच्याभोवती स्टीलची पट्टी धरून कटरने तांबं खरवडून काढायचं. हे काम ताई-दादाकडून किंवा बाबांकडून करून घ्या, कटर घसरतो. बेट बाकीच्या तांब्यापासून सुटलं का, ते मल्टिमीटरने तपासा. मग कनेक्टरचा मधला पाय बेटावर आणि बाजूचे पाय उरलेल्या तांब्यावर सोल्डर करा. सॉकेटचं एक घर बेटावर, दुसरं शेजारच्या तांब्यावर. झाली जिग! कॉईलचे पाय या दोन भोकांत खुपसायचे. मात्र टोकावरचं इनॅमल आधी ब्लेडने खरवडून घ्या, नाहीतर यंत्राला वाटेल भोकं रिकामीच आहेत.

आता धडा करायच्या वस्तू. त्या तीन आहेत. पहिली फुकट: रिकामी भोकं. हे झालं ओपन. दुसरी म्हणजे तारेचा इंग्रजी यू आकाराचा इवलासा तुकडा, दोन्ही भोकांत बसणारा. हे शॉर्ट. तिसरी म्हणजे ते दोन १०० ओहमचे रेझिस्टर शेजारी-शेजारी समांतर सोल्डर केलेले, म्हणजे ५० ओहम. हे लोड. पाय होतील तेवढे आखूड ठेवा. आणि तो यू तर अगदी बुटका हवा. कारण यंत्र त्याला ‘शून्य’ समजणार. यू जर ८ मिलिमीटरचा झाला, तर ते ८ नॅनोहेन्री पुढच्या प्रत्येक कॉईलमधून गुपचूप वजा होतील. १७० मधून ८ गेले तर फारसं बिघडत नाही, पण २० ची कॉईल मोजायला घेतलीत तर बोंब!

तेलाला एक धडा पुरतो, मग इथे तीन कशाला? नववीतल्या बीजगणिताची आठवण करा. दोन अज्ञात संख्या असतील तर दोन समीकरणं लागतात. इथे अज्ञात तीन आहेत: यंत्राच्या आतच इकडून तिकडे गळणारी लाट, यंत्रावर आदळून पुन्हा बाहेर जाणारी लाट, आणि जाता-येता लागणारा वेळ व होणारी घट. तीन अज्ञात, तीन समीकरणं. ओपन, शॉर्ट, लोड.

यंत्राबरोबर हे तीन तुकडे तयारही मिळतात. चांगले असतात ते. पण ते बसतात यंत्राच्या तोंडावर, आणि आपली कॉईल आहे तिथून पुढे, जिगच्या भोकांत. धडा बरणीचा करायचा असतो, नुसत्या पारड्याचा नाही. म्हणून आपले तिन्ही तुकडे कॉईलच्याच भोकांत बसवायचे. यंत्रावर १ ते १५० मेगाहर्ट्झ असा पल्ला ठरवा, कॅलिब्रेटच्या यादीत जाऊन आधीचं रिसेट करा, मग ओपन, शॉर्ट, लोड एकेक करून द्या आणि सेव्ह करा. पल्ला बदललात की धडा पुन्हा!

झाल्यावर लोड परत लावून ‘बघा, बरोब्बर ५० दाखवतंय’ म्हणून टाळ्या पिटू नका. ज्याच्यावर काटा जुळवला तो बरोबर दिसणारच. वेगळं काहीतरी लावा. १५० ओहमचा रेझिस्टर घ्या, अर्धी लाट सुलटी परत यायला हवी. तसं दिसलं तर जिग पास. मग कॉईल लावा आणि ३० मेगाहर्ट्झच्या आसपास आकडा वाचा. तिथे तिचा अडथळा ३२ ओहम भरतो आणि हे यंत्र ५० च्या आसपासच सर्वांत चोख मोजतं. फार लहान किंवा फार मोठ्या अडथळ्याला त्याचं उत्तर ढिलं पडतं.

जिग हाताशी आहे तर एक गंमत करा. १०४ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घ्या. पल्ला १ ते २० मेगाहर्ट्झ करून नवा धडा करा. पाय एक-एक सेंटिमीटर ठेवून तो खुपसा. साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास हा पठ्ठ्या कपॅसिटर राहतच नाही, त्याच्यापुढे तो कॉईलसारखा वागतो! सगळी करामत त्या दोन पायांची. आता पाय कापून दोन-दोन मिलिमीटर करा. तीच जागा सरकून ७ मेगाहर्ट्झकडे जाते. कात्रीने कपॅसिटर सुधारला की नाही?

घरच्या वस्तूंतून असली उपकरणं करण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. १८९०च्या दशकात कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस ५ मिलिमीटरइतक्या छोट्या रेडिओलहरींवर प्रयोग करत होते. त्यांची दिशा तपासायला त्यांनी काय वापरलं असेल? ब्रॅडशॉचं रेल्वेचं वेळापत्रक! त्याच्या पानापानांत त्यांनी कथलाचे पातळ पत्रे घातले होते.

आईबाबांसाठी दोन शब्द. सोल्डरिंग मोठ्यांसमोरच होऊ द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून नंतर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. हे यंत्र घरच्या विजेच्या सॉकेटला किंवा चालू ट्रान्समीटरला कधीही जोडायचं नाही, क्षणात जळेल. एसएमएचं तोंड साधारण ५०० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं. म्हणून यंत्रावर एक छोटं जोडतोंड कायमचं बसवून ठेवा, झिजलं तर ते झिजेल. आणि फिरवायचा तो नट, कनेक्टर नव्हे.

आता या वेळचं कोडं. जिगमध्ये एक रेझिस्टर लावला तर अर्धी लाट परत आली, पण उलटी. तो किती ओहमचा? दुकानात नेमका तेवढ्याचा मिळत नाही, तेव्हा कुठले दोन समांतर जोडून जवळपास जमेल, तेही शोधा. उत्तर पुढच्या अंकात. कॉईल मात्र कापू नका, पुढच्या वेळी तिला कपॅसिटर जोडायचाय.