ऑगस्टातलं इंग्लंड आणि डिसेंबरातला डबा



मुलांकडे परदेशी राहून आलेल्या आपल्यातल्या बायका दोन तऱ्हेनं बोलतात. एक म्हणते, "तिकडं काही पाळणं जमतच नाही गं." दुसरी म्हणते, "मी दीड महिना होते, एकदासुद्धा दिवस मावळल्यावर जेवले नाही. मनात असलं की सगळं होतं." पहिलीचं मला पटत नाही. पण जास्त खटकतं ते दुसरीचं, कारण तिचा टोला सुनेला असतो.

यंदा ऑगस्टच्या मध्यापासून मी लेस्टरला मुलाकडे आहे. आपण बहुतेक जणी याच दिवसांत येतो. नातवंडांना उन्हाळ्याची सुट्टी असते, थंडीचं भय नसतं, मागच्या अंगणात कपडे वाळतात. आणि दिवस केवढा मोठा! ऑगस्टच्या वीस तारखेला इथला सूर्य सव्वाआठला मावळला. सून फार्मसीतून सहाला येते, मी भाकरी टाकते, सात वाजता आम्ही सगळे जेवून मोकळे. मग उजेडातच कालव्याकाठी फिरायला. तिथं झुडपांना काळीभोर ब्लॅकबेरी लगडलेली असते, लोक चालता चालता तोडून तोंडात टाकतात. नातू सात वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आजी, त्या दाण्यादाण्यांत बारीक किडे असू शकतात, म्हणून आम्ही नुसतं बघतो." हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. पाऊस पडून गेला की फरशीवर गोगलगायी येतात, तर तो पुढं होऊन आम्हाला वाट दाखवतो. घरात कोळी शिरला की पेला आणि पोस्टकार्ड घेऊन धावतो, कोळी पेल्याखाली धरून अंगणात सोडतो.

असं सगळं बघून आपण सुखावतो आणि गावी जाऊन सांगतो की तिकडं काहीच अवघड नाही. पण जरा पुढचा हिशेब करू या. माझ्या फोनवर वर्षभराच्या सूर्यास्ताच्या वेळा दिसतात, त्या मी एका दुपारी वहीत उतरवून घेतल्या.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडं सूर्य बाराही महिने साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. आपला नियम या घड्याळात बसलेला आहे. लेस्टरला जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊला होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळं एक तास मागं घेतात, म्हणजे शनिवारी पावणेसहाच्या आसपास मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचलाच जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तर चारसुद्धा वाजत नाहीत, आणि सूर्योदय होतो सव्वाआठला. आता आपल्या शास्त्राप्रमाणे उगवल्यावर दोन घडी आणि मावळण्यापूर्वी दोन घडी सोडा, म्हणजे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटं. उरतात सकाळी नऊ ते दुपारी तीन. शाळा सुटते सव्वातीन-साडेतीनला. फार्मसी सहाला.

या सहा तासांत घरचं एकही माणूस घरात नसतं. आपण म्हणतो "मनात असलं की होतं", तेव्हा डोळ्यांसमोर सात वाजताचं ऑगस्टचं लख्ख ऊन असतं. डिसेंबरात तेच पाळायचं तर सुनेला दुपारी पावणेतीनला गिऱ्हाइकांच्या रांगेतून पाच मिनिटं काढून मागच्या खोलीत उभ्यानं दशमी खावी लागते. ती खाते. मुलाकडून मला हे कळलं, तिनं आपण होऊन कधी सांगितलं नाही. नातवाला मात्र ती हिवाळ्यात शाळेतून आल्यावर गरम वरणभात देते, आणि तोवर अंधारलेलं असतं. यावर कुणी नाक मुरडणार असेल, तर तिनं जानेवारीत येऊन दाखवावं.

खरेदीचंही तसंच. आपल्याकडं पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे, नजर टाकली की काम झालं. इथं शाकाहारी असल्याचं चिन्ह कंपनीच्या मर्जीवर. अंडं, मासे, दूध असे ॲलर्जीचे चौदा प्रकार यादीत ठळक छापावेच लागतात, त्यामुळं अंडं चटकन सापडतं. पण डुकराचं किंवा गाईचं जिलेटिन त्या चौदांत नाही, ते साध्या अक्षरांत दडलेलं असतं. ई-१२० हा लाल रंग किड्यांपासूनचा. ई-४७१ वनस्पतीचंही असतं, प्राण्याच्या चरबीचंही, आणि पाकीट ते सांगेलच असं नाही. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट आहे का, तेही बघायचं. ही परीक्षा सून दर आठवड्याला देते. भाज्यांची ददात नाही, बेलग्रेव्ह रोडला दुधी, तोंडली, गवार, मेथी सगळं मिळतं.

देवदर्शनाच्या बाबतीत लेस्टरकर नशीबवान. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जैन सेंटर म्हणजे मूळचं ख्रिस्ती चॅपल, तिथं १९८८ साली प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर देरासर आहे आणि आपलं दिगंबर मंदिरही. येणारी बहुतेक मंडळी गुजराती, त्यातली कितीतरी घरं पूर्व आफ्रिकेतून आलेली. त्यांचं पर्युषण संपतं आणि आपलं दशलक्षण सुरू होतं. मराठीत बोलायला कुणी भेटलं नाही, पण पंथ कोणता हेही कुणी विचारलं नाही. आपल्या काही गावांत हे कधी होईल कोण जाणे.

दशलक्षणाच्या सुमारास इथल्या शाळा उघडतात. नवे बूट, गणवेशावर नाव शिवणं, आणि त्यात सुनेचे एकाशन. या दहा दिवसांत सासूनं स्वयंपाकघर सरळ ताब्यात घ्यावं आणि प्रवचन सांगायचं तेवढं टाळावं, असं माझं मत आहे. नियम सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. मी स्वतः इथं कधीही आले तरी सोडणार नाही. पण मला पावणेतीनला ताट वाढून घ्यायला घर रिकामं आहे आणि तिला नाही, एवढा फरक तरी आपण मोजू या. फोनवर "पाळतेस ना गं?" असं विचारण्याऐवजी "डब्यात काय नेतेस?" असं विचारा. मग कळेल.

मी निघण्यापूर्वी लसूण न घातलेला भडंग, गुळाच्या दशम्या आणि मुगाचे कोरडे लाडू करून ठेवणार आहे. दशम्या टिकायच्या नाहीत फार, पण त्या कशा करायच्या ते मुलाला दाखवलंय. त्याला चारला सुटी होते, तेव्हा डब्याची तयारी त्यानं करायला काय हरकत आहे? हिवाळ्यात आपल्यात आणि इंग्लंडात साडेपाच तासांचं अंतर पडतं. मी सांगलीत साडेपाचला जेवून हात धुते तेव्हा तिथं दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि डबा अजून पिशवीतच असतो.