सोडणं आणि सोडून देणं

ज्यांना परवडतं त्यांनी घरगुती गॅसचं अनुदान आपणहून सोडावं, यासाठी केंद्र सरकारनं २०१५ साली मोहीम काढली. तिचं नाव होतं ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह’ म्हणजे देणं आणि ‘अप’ म्हणजे वर, एवढं पाठ असलेल्या मुलाच्या हाती यातून काहीच लागत नाही. तंबाखू सोडायची तर ‘गिव्ह अप’, एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायची तरी ‘गिव्ह अप’, हार मानली तरी तेच. ‘अप’च्या जागी ‘इन’ आलं की अर्थ होतो नमतं घेणं. ‘अवे’ आलं की वाटून टाकणं, नाहीतर गुपित फोडणं. परक्यांना सगळ्यात जड जातात ती हीच जोडक्रियापदं, असं सॅम्युअल जॉन्सननं १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी या क्रियापदांवर उपाय म्हणून मुलांपुढे यादीच येते: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, करा पाठ. माझं म्हणणं असं की या कुलपाची किल्ली मराठी मुलाच्या खिशात आधीपासून आहे. ती काढायला त्याला कुणी सांगत नाही.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथल्या शाळेतलं मूल घ्या. घरी कापसाची बोलणी ते ऐकतं. ‘कापूस विकून टाकला’ म्हणजे एकदाचे मोकळे झालो. ‘विकून दिला’ म्हणजे दुसऱ्या कुणासाठी विकला. ‘विकून बसला’ म्हणजे घाई झाली, भाव मागून चढला. कापूस तोच, विकणंही तेच. पण टाकणं, देणं, बसणं ही क्रियापदं आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून बोलणाऱ्याचं मन सांगतात. इथं कुणी काही टाकत नाही की कुणी खाली बसत नाही, हे त्या मुलाला समजावावं लागत नाही. मग ‘गिव्ह अप’मध्ये काही वर जात नाही, हे त्याला का पटू नये? मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. ‘विकून टाकणं’सारख्या संयुक्त क्रियापदांची चर्चा आपल्याकडे इतकी जुनी आहे. इंग्रजीच्या तासाला ती कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मराठीत दुसरं क्रियापद जोडलं जातं, इंग्रजीत ‘अप’, ‘आउट’, ‘इन’ असे दिशा दाखवणारे छोटे शब्द. तेव्हा तुलना लंगडी पडते. पडते, हे मान्य. पण दिशादर्शक शब्दांचं कामही आपल्याला नवं नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या सगळ्यांत धातू एकच, ‘हृ’; बदलतो तो उपसर्ग. संस्कृतात तो धातूच्या आधी लागतो, इंग्रजीत असा शब्द क्रियापदानंतर येतो. दुसरा आक्षेप असा, की मराठीचा आधार दिला की मूल इंग्रजीतून विचार करायला शिकत नाही. मी शब्दाला शब्द ठेवायला सांगत नाही. ‘टाकणं’ म्हणजे ‘अप’ असं शिकवलं तर घात होईल. जोडशब्दाचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, तो वाक्यातून घ्यायचा असतो, ही नजर मराठीतून द्यायची. पुढचा सराव इंग्रजी वाक्यांचाच. काही नियम तर इंग्रजीचेच आणि तसेच शिकावे लागतील. ‘गिव्ह अप’सारख्या क्रियापदांत ‘इट’सारखं सर्वनाम मधेच बसतं: ‘गिव्ह इट अप’ बरोबर, ‘गिव्ह अप इट’ चूक. सरकारी मोहिमेच्या नावातच हा नियम फुकट मिळतो.

शिक्षकांना एवढीच विनंती: फळ्यावर ‘गिव्ह अप’ची यादी लिहिण्याआधी ‘विकून टाकला’ आणि ‘विकून बसला’ ही दोन वाक्यं लिहा, आणि फरक काय तो मुलांना सांगू द्या.