बुधवारची गोळी

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपुरातले घर हे घर राहत नाही. नात्यातले, ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले असे पंधरा-वीस जण प्रत्येक माडीवर मुक्कामाला असतात. अशाच एका वारीच्या तोंडावर प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या एका वाड्यातील सत्तरी ओलांडलेल्या आजींना त्यांची सून माझ्याकडे घेऊन आली. "डॉक्टर, सासूबाईंच्या तोंडात उष्णता झाली आहे. गुलकंद झाला, सब्जाचे पाणी झाले. आता घोटभर पाणीही गिळवत नाही."

तोंड आतून सोलल्यासारखे लाल झाले होते. अंगात ताप होता आणि दोन्ही हातांवर काळेनिळे डाग उमटले होते. ही उष्णता नव्हती. मी औषधांची पिशवी मागितली. तीत मेथोट्रेक्सेटची दहा गोळ्यांची पट्टी होती आणि तिच्यातील नऊ घरे रिकामी होती.

"आजी, ही गोळी कशी घेता?"

"रोज रात्री एक, जेवणानंतर," आजी उत्तरल्या.

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. एरवी सून स्वतः ती देत असे. पाहुण्यांच्या गर्दीत औषधांची डबी भरण्याचे काम एका भाचीकडे गेले. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असे शब्दांत न लिहिता दोन इंग्रजी अक्षरे लिहिली होती, ती तिने 'रोज एकदा' अशी वाचली. दोष कोणाला द्यायचा? त्या रात्रीच आजींना सोलापूरला हलवले. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स अगदी तळाला गेल्या होत्या. अठरा दिवसांनी त्या घरी परतल्या. सगळेच परतत नाहीत.

संधिवातावर आज जगभर दिली जाणारी ही गोळी मुळात विष म्हणून घडवली गेली, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. तिची कुळकथा ठाऊक असलेला मनुष्य मात्र ती रोज घेण्याची चूक सहसा करणार नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून या वेळी ती कुळकथाच सांगतो. तिचा आरंभ आपल्या मुंबईत आहे.

1928 साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या व दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली. त्यांच्या शोधनिबंधांवर तळपदे आणि मेहता या सहकाऱ्यांची नावे आहेत. प्राण्यांवर प्रयोग झाले आणि अखेर उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळसर, खारट अर्क. साहेब लोक तो पावाला लावून खात. 1931 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधील तो गुणकारी पदार्थ नेमका कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला 'विल्स घटक' असे नाव पडले. पुढे 1941 मध्ये अमेरिकन संशोधकांनी पालकाच्या पानांतून असाच पदार्थ वेगळा केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटले.

येथे या कथेत येल्लाप्रगडा सुब्बाराव येतात. त्यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, काशीच्या यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवू, या विचाराने हा मुलगा घरातून पळाला. आईने त्याला परत आणून शाळेत घातले. यात्रेकरूंवर चालणाऱ्या आपल्या गावाला त्या मुलाचा हिशेब निश्चितच समजेल. मॅट्रिकची परीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांनी खादी वापरण्यास सुरुवात केली, ती इंग्रज प्राध्यापकांना रुचली नाही, आणि पदवीऐवजी दुय्यम दर्जाचे प्रमाणपत्र हाती आले. दोन भाऊ थोड्याच अंतराने संग्रहणीच्या विकाराने गेले होते. हा विकार फोलिक ॲसिडने बरा होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झाले. पण ते पुढे.

1923 साली ते बोस्टनला गेले आणि पुन्हा मायदेशी आले नाहीत. पत्नी येथेच राहिल्या. उभयतांची भेट पुन्हा झाली नाही. थोरांच्या चरित्रात अशी एक ओळ असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली (1925). स्नायूंना शक्ती पुरवणारे एटीपी हे द्रव्य त्यांनी 1929 मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी जर्मनीतील कार्ल लोमान यांनाही ते सापडले. इतके होऊनही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. 1940 मध्ये ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि पुढच्या आठ वर्षांत जे घडले ते एका माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. अर्थात 'सुब्बारावांनी शोधले' हे बोलण्याच्या सोयीपुरते म्हणायचे. तेथे रसायनशास्त्रज्ञांचे मोठे पथक होते आणि ते त्याचे मार्गदर्शक होते. या पथकाने फोलिक ॲसिडचा रेणू उलगडला आणि 1945 मध्ये तो कृत्रिमरीत्या तयार केला. मुंबईच्या त्या स्त्रियांना वाचवणारा घटक आता बाटलीत आला.

औषधशोध करणारा रसायनशास्त्रज्ञ प्रत्यक्षात काय करतो, ते येथे उत्तम दिसते. पेशींना नव्या पेशी घडवण्यासाठी फोलिक ॲसिड लागते. ते कुलपात बसणाऱ्या किल्लीप्रमाणे एका विकरात बसते, आणि मग पेशीचे काम पुढे सरकते. बोस्टनमधील बालरोगविकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले की रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना फोलिक ॲसिडसारखी द्रव्ये दिली तर रोग उलट वेगाने वाढतो. मग प्रश्न असा, की हुबेहूब तशीच दिसणारी, कुलपात जाणारी, पण न फिरणारी किल्ली घडवली तर? सुब्बारावांच्या पथकाने फोलिक ॲसिडच्या रेणूवरील एका ठिकाणचा ऑक्सिजनचा गट काढून तेथे नायट्रोजनचा गट बसवला. झाले ॲमिनोप्टेरिन. कुलूप अडले, पेशींची वाढ थांबली. जून 1948 मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सोळा मुलांपैकी दहांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याची नोंद आहे. ती सुधारणा काही महिनेच टिकली, तरी कर्करोगाच्या औषधोपचारातील एक नवे पर्व तेथून सुरू झाले. त्याच रेणूत आणखी लहानसा फेरफार करून मेथोट्रेक्सेट तयार झाले. सुब्बाराव ऑगस्ट 1948 मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, निधन पावले.

संधिवाताशी याचा संबंध काय? आमवाताच्या संधिवातात शरीराच्या रक्षक पेशी स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातात. कर्करोगात देतात त्याच्या अगदी थोड्या मात्रेत, आणि आठवड्यातून एकदाच, मेथोट्रेक्सेट दिले तर ही चढाई मंदावते. अमेरिकेत 1988 मध्ये या वापराला अधिकृत मान्यता मिळाली. आज या रोगात हे सहसा पहिले औषध असते, आणि वाकड्या बोटांची जी पिढी आम्ही विद्यार्थिदशेत पाहिली ती आता कमी दिसते. तेव्हा या लेखामुळे घाबरून कोणी आपली गोळी बंद करू नये. मधल्या सहा दिवसांत रक्त घडवणाऱ्या आणि तोंडा-आतड्याच्या अस्तराच्या पेशी सावरतात. तीच गोळी रोज घेतली तर त्यांना उसंतच मिळत नाही. आजींचे तोंड त्यामुळे सोलले होते.

सोबत फोलिक ॲसिडची गोळीही का दिली जाते, असे अनेक जण विचारतात. जे औषध फोलिक ॲसिडला अडवते त्याच्याबरोबर फोलिक ॲसिडच? मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम सौम्य करण्यासाठी ते असते, आणि ते कोणत्या वारी घ्यायचे हे डॉक्टर सांगतात. चुकून जादा मेथोट्रेक्सेट पोटात गेले असता मात्र या साध्या गोळीने भागत नाही. त्यावर फोलिनिक ॲसिड हे वेगळे औषध रुग्णालयातच द्यावे लागते. म्हणून चूक लक्षात आली की घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. तोंडातील फोड, ताप, घसा दुखणे, अंगावर काळेनिळे डाग, सतत जुलाब किंवा उलट्या, कोरडा खोकला आणि धाप ही लक्षणे योग्य मात्रा घेणाऱ्यांतही दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

वृद्धांना धोका अधिक, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि वयाबरोबर मूत्रपिंडे मंदावतात. उन्हाळ्यात जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाले, किंवा कोणी अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिल्या, तर नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम फोलिक ॲसिडचीच वाट अडवते; ते आणि मेथोट्रेक्सेट एकत्र येता कामा नये. नवे डॉक्टर, नवे दंतवैद्य, कोणीही असो, 'मी आठवड्याची गोळी घेतो' हे आधी सांगावे. रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्यात. मद्य वर्ज्य.

आमच्या गावातल्या माळकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शाकाहारी वृद्धांमध्ये बी-12 या जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. तिच्यामुळेही तांबड्या पेशी मोठ्या होतात. अशा वेळी 'रक्त वाढते' म्हणून कोणी आपल्या मनाने फोलिक ॲसिड सुरू केले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा असेल तर आधी बी-12 तपासावे.

सुब्बारावांच्या पथकाचे दुसरे एक औषध आपल्या परिसरातील अनेकांनी गिळलेले आहे. डायइथिलकार्बामॅझिन हे त्याचे लांबलचक नाव. 1947 मध्ये ते हत्तीरोगावर पुढे आले. सोलापूर हा हत्तीरोगाचा जिल्हा म्हणून नोंदलेला. त्या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर रक्ताचा थेंब घ्यायला दार वाजवत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. "चोरासारखे रात्री काय येता?" असे त्यांना ऐकवणारेही होते. तसेच 1994 मध्ये बीड आणि सुरतेत प्लेगची धास्ती पसरली तेव्हा ज्या टेट्रासायक्लिनसाठी औषधदुकानांत रांगा लागल्या, त्या गटातील पहिले औषध ऑरिओमायसिन हेही सुब्बाराव प्रमुख असताना त्याच प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांना सापडले. ते 1948 मध्ये प्रसिद्ध झाले.

आजींकडे परत येतो. सांधे पुन्हा सुजू लागल्यावर तज्ज्ञांनी तीन महिन्यांनी तीच गोळी, कमी मात्रेत, पुन्हा सुरू केली. आजी आधी तयार नव्हत्या. मग सुनेने काही गोष्टी केल्या. ही पट्टी रोजच्या डबीतून काढून वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवली. चार आठवड्यांच्या चारच गोळ्या एका वेळी आणायच्या असे ठरवले. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मराठीत, पूर्ण शब्दांत 'दर बुधवारी एक' असे लिहून घेतले. बुधवार आजींनीच निवडला. तो पांडुरंगाचा वार, विसरणार कशी, असे त्यांचे म्हणणे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक बुधवारी गोळी घेतल्यावर त्या कुंकवाचे बोट टेकवतात. गेल्या खेपेस मी पाहिले तेव्हा एका गुरुवारच्या चौकटीवरही बोट उमटलेले होते. विचारले, तर म्हणाल्या, "ते नातवाचे. गोळी मी मोजली आहे, तीनच उरल्या आहेत."